मूल रुळेपर्यंत तारीख

परदेशातून मूल उचलून आणणाऱ्याला आपल्या देशात एकच गोष्ट जमावी लागते, वेळ काढणं. पुढचं सगळं कोर्ट सांभाळून घेतं. पहिल्या तारखेला वकील बदलायचा, दुसरीला ‘से’ म्हणजे लेखी उत्तर दाखल करायला मुदत मागायची, तिसरीला मुलाला ताप आल्याचं सर्टिफिकेट जोडायचं. मग उन्हाळ्याची सुट्टी लागते, मग दिवाळीची, मग साहेबांची बदली होते. तोवर मूल केजीतून दुसरीत गेलेलं असतं, न्यू जर्सीत आलेले त्याचे दुधाचे दात इथे पडून पक्के दात यायला लागलेले असतात आणि मग एक दिवस न्यायालय अत्यंत गंभीरपणे नोंदवतं की मूल आता इथे रुळलं आहे, त्याला इथून उपटणं त्याच्या हिताचं नाही. अहो, पण रुळवलं कुणी? तुमच्याच बोर्डावर ते प्रकरण दोन वर्षं पडून होतं.

मी कुटुंब न्यायालयात वकिली करते. असल्या प्रकरणांत मी आईचंही वकीलपत्र घेतलंय आणि बापाचंही. त्यामुळे मला कुणी बायकांची किंवा पुरुषांची कैवारी ठरवू नये; फी दोघांनीही बुडवलेली आहे.

मूल रुळल्याचा पुरावा कसा तयार होतो, ते एकदा बघण्यासारखं आहे. प्रतिज्ञापत्राला जोडपत्रं लावायची. शाळेचं प्रगतिपुस्तक. सोसायटीच्या गणपतीत फेटा बांधून काढलेला फोटो. रंगभरण स्पर्धेतलं उत्तेजनार्थ प्रमाणपत्र. अबॅकसची पहिली लेव्हल पास. मुलाला इथली हवा मानवते असं बालरोगतज्ज्ञांचं पत्र, ज्यात तारीख नेमकी याचिकेची नोटीस मिळाल्यानंतरच्या आठवड्यातली असते. समोरच्या बाजूकडून तेवढाच जाड गठ्ठा येतो. त्यात घरामागच्या हिरवळीवरचा झोका असतो, डायनोसॉरची चादर घातलेला रिकामा पलंग असतो, त्या भागातल्या शाळेचं रेटिंग असतं. झोक्यावर अर्थातच कुणी बसलेलं नसतं. दोन्ही गठ्ठे नोटरी केलेले, पानांना क्रमांक घातलेले. या दोन गठ्ठ्यांच्या मधोमध ‘मुलाचं सर्वोच्च हित’ नावाची वस्तू शोधायची असते आणि ज्याचा गठ्ठा वाढत राहतो त्याला ती सापडते. मूल इथे असेल तर इथला गठ्ठाच वाढणार, तिकडच्या झोक्याचा फोटो जुनाच राहणार.

सर्वोच्च न्यायालयानं २०२० च्या जानेवारीत एका निकालात, मूल ज्याच्याकडे नाही त्या पालकाला त्याच्याशी शक्यतो रोज पाच-दहा मिनिटं बोलता यावं, व्हिडिओ कॉलवर भेटता यावं, असं सांगितलं. न्या. दीपक गुप्तांचा तो निकाल माणुसकीला धरून आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण ती पाच-दहा मिनिटं मी पाहिली आहेत. घरी फोन लागत नाही अशी तक्रार झाल्यामुळे एका प्रकरणातला कॉल माझ्या ऑफिसात लावायचं ठरलं होतं. रविवारी सकाळी आठ वाजता, म्हणजे सिएटलला शनिवारची संध्याकाळ. मोबाइल कायद्याच्या दोन जाडजूड पुस्तकांना टेकवून ठेवला. सहा वर्षांचा मुलगा बापाकडे बघतच नव्हता. कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात दिसणाऱ्या स्वतःच्या तोंडाकडे बघून जीभ बाहेर काढत होता. बापानं कुत्र्याला उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं. मुलानं विचारलं, “हे नवीन आहे?” ते जुनंच होतं. बाप इंग्रजीत विचारत होता, मूल मराठीत उत्तर देत होतं, आणि दाराशी उभी असलेली आजी बारीक आवाजात सांगत होती, “सांग ना रे, स्पर्धेत बक्षीस मिळालं ते.” सातव्या मिनिटाला चित्र गोठलं. रेंज गेली की कुणी घालवली, ते त्या नेटवर्कलाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी कोर्टात पुरशिस, म्हणजे माहितीची लेखी नोंद, दाखल झाली, ‘आदेशानुसार अ‍ॅक्सेस पार पडला.’

आता कायदा काय म्हणतो ते बघायला गेलं, तर आधी तो कोणत्या सालचा आहे ते बघावं लागतं. गार्डियन्स अँड वॉर्ड्स अ‍ॅक्ट १८९० चा. म्हणजे ज्या काळी मूल पळवायचं तर बोटीनं पळवावं लागे, त्या काळचा. मूल ‘सामान्यतः जिथे राहतं’ तिथल्या जिल्हा न्यायालयाला अधिकार, असं तो सांगतो. बॉस्टनमध्ये जन्मलेलं आणि चार महिन्यांपूर्वी कोथरूडला आणलेलं मूल सामान्यतः कुठे राहतं, यावरच पहिली दोन वर्षं जातात. त्याच्या जोडीला १९५६ चा हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा आहे. त्यात नैसर्गिक पालक बाप, आणि ‘त्याच्यानंतर’ आई. पाच वर्षांखालचं मूल मात्र सामान्यतः आईकडे. या दोन कायद्यांच्या आधारावर आपण जेट विमानांच्या युगातलं अपहरण हाताळतो. अपहरण म्हणायचीही सोय नाही म्हणा. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्पष्ट केलं की कोर्टाचा मनाई करणारा आदेश नसेल, तर बापानं आपलं मूल आईकडून घेऊन जाणं हा अपहरणाचा गुन्हाच होत नाही, कारण तोही कायदेशीर पालक. कायद्याच्या अक्षराला धरून ते बरोबरच आहे. आणि तेच मूल त्याच बापानं किंवा आईनं अमेरिकेतून असं आणलं, तर तिथल्या १९९३ च्या केंद्रीय कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एकच माणूस, एकच मूल. न्यूअर्कला गुन्हेगार आणि नागपुरात नैसर्गिक पालक.

यातले निकाल मी इथे खटल्यांच्या नावांनी सांगणार नाही. वकिलांना ते नावांनी पाठ आहेत आणि त्या नावांत ज्यांचे आईबाप आहेत ती मुलं आता मोठी होऊन इंटरनेटवर स्वतःला शोधू शकतात. सालं पुरेशी आहेत.

सुरुवात बरी झाली होती. १९८४ चं प्रकरण इंग्लंडमधलं. नवऱ्यानं बायकोला गाडीखाली चिरडायची सुपारी दिली, पकडला गेला, शिक्षा झाली. आणि त्याच बायकोनं रदबदली करून त्याला प्रोबेशनवर सोडवलं. त्याचं उपकार फेडणं असं, की ती कामावर गेलेली असताना तो मुलाला घेऊन पंजाबात आला. उच्च न्यायालयानं मूल बापाकडंच ठेवलं. आजी-आजोबा सुखवस्तू आणि आई बिचारी परदेशातल्या कारखान्यात राबणारी. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड पुण्याचे. त्यांनी हा निकाल उलटवला आणि मुलाचा ज्या देशाशी सगळ्यात जवळचा संबंध, तिथल्या न्यायालयानं त्याचं ठरवावं, असं सांगून मूल आईकडं दिलं. दोन वर्षांनी पुण्याचंच प्रकरण आलं. मिशिगनमध्ये घटस्फोट झालेला, ताबा आईकडे, बापाला शनिवार-रविवारची भेट. त्या शनिवार-रविवारात बाप मुलाला घेऊन पुण्याला आपल्या आई-वडिलांकडे. जानेवारी १९८६ मध्ये मूल आलं आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं आईबरोबर परत गेलं. दहा महिने. आज दहा महिन्यांत नोटीस बजावल्याचा बेलीफचा अहवाल रेकॉर्डवर आला, तरी आम्ही पेढे वाटू.

आणि मग १९९७ चा निकाल. लग्न अमेरिकेतलं. आई जेमतेम महिनाभराचं मूल घेऊन नवऱ्याच्या घरातून निघाली आणि पुढे भारतात आली. त्यानंतर अमेरिकेतले एकतर्फी आदेश, मुंबईचं कुटुंब न्यायालय, उच्च न्यायालय. मुंबईतल्या दोन्ही पायऱ्यांवर शेवटी ताबा बापाला मिळाला. सर्वोच्च न्यायालयानं तो उलटवला तेव्हा मुलगा चौदा वर्षं पार केलेला होता. न्या. जगन्नाध राव यांनी सांगितलं, परदेशी आदेश हा विचारात घ्यायच्या अनेक गोष्टींपैकी एक. मुलाचं हित सर्वांवर. निकाल म्हणून मला तो चुकीचा वाटत नाही. चौदा वर्षं आईजवळ वाढलेल्या मुलाला अनोळखी बापाकडे कोण पाठवेल? पण त्या निकालातून वकीलमंडळी काय शिकली? शिकली ती ही गोष्ट, की चौदा वर्षं काढता आली पाहिजेत. तेव्हापासून या क्षेत्रात ‘मुलाचं हित’ हे तत्त्व आहे आणि ‘मुदत द्यावी’ ही रणनीती आहे, आणि दोघांचं एकमेकांशी उत्तम जमतं.

२००९ मध्ये एक आई मात्र हरली, आणि कशी हरली ते ऐका. ती मुलाला घेऊन अमेरिकेतून आली, बाप शोधत राहिला, शेवटी सर्वोच्च न्यायालयानं सीबीआयला कामाला लावलं तेव्हा दोन वर्षांनी दोघं चेन्नईत सापडली. न्यायालयानं मूल परत पाठवलं. कारणांमधलं एक कारण असं, की या दोन वर्षांत मूल जागा बदलत राहिलं, कुठे मुळं धरलीच नाहीत. म्हणजे लपून पळत राहिली म्हणून हरली. दोन वर्षं एका पत्त्यावर, एका शाळेत, एका गणपती मंडळात काढली असती तर तिच्याकडं दाखवायला काहीतरी असतं. यापुढे कुणा आईला हा धडा शिकवायची गरज उरली नाही.

२०१५ मध्ये न्या. मदन लोकूर यांच्या पीठानं म्हटलं, ज्या न्यायालयानं आधी ठोस आदेश दिला त्याच्या आदेशाला मान द्यायला हवा. इंग्लंडमधून कोइम्बतूरला आलेल्या दोन मुली परत. जुलै २०१७ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं, न्या. अजय खानविलकर यांच्या लेखणीतून, हे तत्त्व मोडीत काढलं. कोण आधी कोर्टात धावलं यावर मुलाचं हित ठरू शकत नाही. हृदयाचा विकार असलेली मुलगी, इंग्लंडची नागरिक, आईजवळ भारतात राहिली. मुलीला आईची गरज असते, असंही निकालात आलं. ठीक आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसऱ्या एका पीठासमोर बाप होता. अडीच वर्षांच्या मुलाला अमेरिकेतून घेऊन आलेला, आई तिकडे. मूल आता इथल्या वातावरणात रुळलंय म्हणून ते बापाकडेच राहिलं. सहा महिन्यांत आईची गरज संपली? की ती गरज मुलींनाच असते?

मग पुन्हा लंबक तिकडे. २०१९ मध्ये परत पाठवा. २०२० मध्ये परत पाठवा, त्यातला एक निकाल न्या. धनंजय चंद्रचूड यांचा, म्हणजे १९८४ च्या वडिलांच्या निकालाला मुलानं पुन्हा जागवलं, तेवढंच काय ते या विषयात वंशपरंपरेनं चाललेलं सातत्य. जुलै २०२२ मध्ये बंगळुरूच्या प्रकरणात ज्या पीठानं मूल अमेरिकेला परत पाठवलं, त्या पीठावर न्या. खानविलकर होतेच. प्रत्येक प्रकरणाची वस्तुस्थिती वेगळी, हे मला समजतं. माझीही रोजीरोटी त्या वेगळेपणावर चालते. पण ऑफिसात समोर बसलेली बाई विचारते, “मॅडम, मी आले ते बरोबर केलं की चूक?” तिला मी काय सांगू? पीठ बघून सांगते, असं? परदेशात तर तिच्यावर वॉरंट निघालेलं असतं, इथे तिचा निकाल बोर्डावरच्या नावांवर अवलंबून. ज्योतिषी निदान दक्षिणा कमी घेतो.

आता ज्या निकालाचं कौतुक होतं त्याबद्दल. जानेवारी २०२२, न्या. अभय ओक. ठाण्याचे, स्पष्ट बोलणारे न्यायमूर्ती, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. आई मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी भारतात आली, मग गेलीच नाही. निकालात म्हटलं की पालकांचे हक्क दुय्यम, मुलाचं हित मुख्य, आणि ते हित अमेरिकेत आहे. पण त्याचबरोबर असंही म्हटलं की कोर्ट आईला देश सोडून जायला भाग पाडू शकत नाही, तो तिच्या खासगीपणाच्या हक्काचा भंग होईल. म्हणून तिला पर्याय: नवऱ्याच्या खर्चानं मुलाबरोबर जा, नाहीतर मूल सोपव. किती सुसंस्कृत! तिच्या खासगीपणाला धक्का लागू नये म्हणून तिच्या हातातून फक्त मूल काढून घ्यायचं. राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमाचा असा नाजूक वापर मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

आणि ‘जा’ म्हणजे कशावर जा? आपल्या मुली तिकडं जातात त्यातल्या हजारो एच-फोर व्हिसावर. नवऱ्याच्या एच-वन-बीच्या शेपटीला बांधलेला व्हिसा. त्यावर नोकरी करायची सोय २०१५ पर्यंत नव्हतीच. त्यानंतर झाली तीही ग्रीन कार्डच्या रांगेत ठराविक टप्प्यावर पोचलेल्यांच्या बायकांना. बँक खातं त्याच्या नावावर, गाडी त्याच्या नावावर, घराचा करार त्याच्या नावावर. घटस्फोट झाला की तो व्हिसाही गेला. म्हणजे आपलं कोर्ट तिला सांगतं, मुलाजवळ राहायचं असेल तर तिकडे राहा. आणि तिकडचं इमिग्रेशन सांगतं, तू इथे राहू शकत नाहीस. निकालात लिहिलेलं असतं की नवरा तिच्या राहण्याची सोय करेल, तिकीट देईल, खर्च देईल. ही हमी तो प्रतिज्ञापत्रावर देतो. डॅलसला उतरल्यावर त्यानं ती पाळली नाही तर ती तक्रार कुठं करणार? दिल्लीत अवमान याचिका? विमानाचं तिकीट कोण काढणार?

हमीवर विसंबण्याची किंमत सर्वोच्च न्यायालयानं स्वतःही मोजली आहे. २०२० मध्ये बहुमतानं मुलाचा ताबा केनियात राहणाऱ्या बापाला दिला. नैरोबीच्या न्यायालयाकडून आपल्या आदेशासारखाच आदेश करून आणायची अट घातली. त्यानं आणून दिला, मूल नेलं, आणि मग तिकडं जाऊन भारतीय न्यायालयाला अधिकारच नाही असा पवित्रा घेतला. २०२१ मध्ये न्यायालयाला आपलाच आदेश मागं घ्यावा लागला, सीबीआयला सांगावं लागलं, पुढे २०२२ मध्ये त्याला अवमानाची शिक्षाही सुनावली. सुनावली. मूल केनियातच. न्या. हेमंत गुप्ता यांनी २०२० मध्येच या आदेशाला असहमती नोंदवली होती, पण असहमतीचा उपयोग आपल्याकडे विधी महाविद्यालयाच्या परीक्षेपुरता.

या सगळ्याचा दोष एकट्या न्यायमूर्तींवर टाकून मला सुटायचं नाही. संसदेनं जे काम करायचं ते त्यांच्या गळ्यात मारलं गेलंय. हेगचा करार २५ ऑक्टोबर १९८० चा. एका देशातून दुसऱ्या देशात चुकीच्या मार्गानं नेलेलं सोळा वर्षांखालचं मूल लवकरात लवकर त्याच्या नेहमीच्या राहत्या देशात परत जावं, आणि ताब्याचा फैसला तिथं व्हावा, हा त्याचा मुख्य मुद्दा. शंभराहून जास्त देशांनी तो स्वीकारला. जपाननं बरीच वर्षं आढेवेढे घेऊन २०१४ मध्ये स्वीकारला. पाकिस्ताननंसुद्धा स्वीकारला. आपण नाही. आपल्या विधी आयोगानं मार्च २००९ मध्ये २१८ वा अहवाल देऊन सांगितलं, सामील व्हा. २०१६ मध्ये महिला व बालविकास मंत्रालयानं विधेयकाचा मसुदा केला. विधी आयोगानं त्याच वर्षी २६३ वा अहवाल देऊन सुधारित मसुदा दिला. मग मंत्रालयानंच ठरवलं, सही करायची नाही. मग न्या. राजेश बिंदल यांची समिती नेमली. तिनं २०१८ मध्ये स्वतःचा मसुदा दिला, त्यात आंतरदेशीय वादांसाठी खास प्राधिकरण होतं. तेव्हापासून भिजत घोंगडं. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दरवर्षी अहवाल काढून भारताला असहकार करणाऱ्या देशांच्या यादीत टाकतं, आपण दरवर्षी ते वाचत नाही.

सही का नाही? उत्तर तयार असतं: आपल्या बायका परदेशात मारहाण सोसतात, मूल घेऊन माहेरी पळून येतात, त्यांना आम्ही मारकुट्या नवऱ्याच्या हाती कसं देऊ? हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण यात तथ्य आहे. करार लिहिला गेला तेव्हा डोळ्यांपुढे होता ताबा नसलेला, मूल उचलून पळणारा बाप. प्रत्यक्षात आज मूल घेऊन जाणाऱ्यांत सुमारे तीन-चतुर्थांश आया आहेत, हे हेग परिषदेचीच आकडेवारी सांगते. ‘गंभीर धोका’ असेल तर मूल परत पाठवू नये, अशी सोय करारात आहे. पण कित्येक देशांतल्या न्यायाधीशांनी ती इतकी अरुंद वाचली की मार खाणाऱ्या आईला त्या फटीतून जाताच येईना. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये जरा सैल केलं, ऑस्ट्रेलियानं त्याच वर्षी कौटुंबिक हिंसेचा विचार करायला लावणारे नियम आणले. आणि करारात सहा आठवड्यांत निकाल अपेक्षित असताना प्रत्यक्षात सरासरी काही महिने लागतात. २०२१ च्या पाहणीत पाचांतल्या सुमारे दोनच अर्जांत मूल परत गेलं. म्हणजे हेग म्हणजे काही काशी नव्हे.

पण सही न करून आपण त्या बाईचं काय राखलं, ते सांगा. तिच्यावर तिकडे वॉरंट आहे, म्हणून ती आयुष्यात पुन्हा त्या देशात पाऊल ठेवू शकत नाही. मुलाच्या पासपोर्टचं नूतनीकरण अडतं. तिचा खटला इथे पाच वर्षं चालतो आणि शेवटी तिची छळाची तक्रार ऐकलीच जाते असंही नाही, कारण बंदीप्रत्यक्षीकरणाच्या याचिकेत प्रतिज्ञापत्रांवर निकाल होतो, साक्षी-पुरावे होत नाहीत. ती सांगते मारलं, तो सांगतो नाही मारलं, आणि न्यायालय म्हणतं हे वादग्रस्त तथ्यांचे प्रश्न, यात आम्ही जात नाही. मग मुलाच्या प्रगतिपुस्तकाकडं वळतं. छळ झालेली आई आणि नुसती रागावून आलेली आई, दोघींचा निकाल त्याच प्रगतिपुस्तकावर. मग ही पीडित बाईची काळजी नेमकी कुठल्या परिच्छेदात घेतली जाते?

आणि दुसऱ्या बाजूची बाई? तिची तर कुणी गणतीच करत नाही. १९८४ मधली बाई, डिसेंबर २०१७ मधली बाई, यांची मुलं बापानं आणली होती. माझ्याकडं येणाऱ्यांत अशाही असतात: सुट्टीला म्हणून भारतात आणलं, बायकोचा पासपोर्ट सासऱ्यांच्या कपाटात गेला आणि नवरा मुलाला घेऊन आठवड्यात परत. आता ही पुण्यात, मूल मेलबर्नला, व्हिसा रद्द. भारत करारात असता तर तिला निदान मुलाच्या भेटीच्या हक्कासाठी दिल्लीच्या एका कार्यालयात अर्ज करता आला असता आणि ऑस्ट्रेलियाला उत्तर द्यावं लागलं असतं. आज ती माझ्या ऑफिसात येते आणि मी तिला तिथला वकील शोधायला सांगते, ज्याचा एका तासाचा दर तिच्या वडिलांच्या महिन्याच्या पेन्शनएवढा. ‘आपल्या लेकींना’ वाचवायच्या धोरणात ही लेक बसत नाही. ती कुणाची लेक?

घरच्या लोकांबद्दल एक शब्द, कारण निकालांत त्यांना ‘मायेचं छत्र’ म्हणतात. आजी-आजोबा प्रेमळ असतात, खरंच असतात. पण मूल परदेशातून उचलून आणण्याचा बेत पुष्कळदा याच छत्राखाली शिजतो. “आमचं रक्त आहे,” म्हणून नातवाचा पासपोर्ट बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणारे आजोबा मी पाहिलेत, आणि लेकीला “तू नुसती ये, पुढचं आम्ही बघतो” म्हणणाऱ्या आयाही. पुढचं कुणी बघत नाही. पुढं तारखा असतात आणि तारखांना ती मुलगी एकटी येते.

मला काय हवंय ते सांगते, आणि हेगच्या करारावर सही झाली नाही तरी हे आपल्या कायद्यात करता येतं. प्रत्येक उच्च न्यायालयात या प्रकरणांसाठी एक नेमलेलं पीठ. सहा आठवडे, फार तर दहा, निकाल लागलाच पाहिजे. त्या दहा आठवड्यांतच हिंसेच्या आरोपावर तोंडी पुरावा, तिकडच्या शेजाऱ्याचा, डॉक्टरचा, पोलिसांचा, व्हिडिओवर. कोविडात आपण अख्खी न्यायालयं पडद्यावर चालवली आहेत, एक साक्षीदार जड नाही. आरोप खरा ठरला तर मूल आईजवळ इथेच, आणि तेही ठामपणे, पुढची पाच वर्षं टांगत न ठेवता. खरा ठरला नाही तर मूल परत, पण नवऱ्याच्या तोंडी हमीवर नाही. राहायचं घर, वकिलाची फी आणि वर्षभराचा खर्च यांची रक्कम आपल्या न्यायालयात आधी जमा. तिच्याविरुद्धचं फौजदारी प्रकरण मागं घेतल्याचा कागद आधी दाखल. तिच्या राहण्याच्या परवान्याची व्यवस्था आधी. हे झाल्याखेरीज विमान उडणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, याचिका दाखल झाल्याच्या तारखेनंतर मूल कितीही रुळलं, तरी ते दिवस हिशेबात धरायचे नाहीत. ही एक ओळ कायद्यात आली तर माझ्या व्यवसायबंधूंचा निम्मा उत्साह जागच्या जागी मावळेल. मुदतीचे अर्ज लिहिणाऱ्या ज्युनिअरांना दुसरं काम शोधावं लागेल, त्याची मला खंत नाही.

सरकारला यातलं काहीच अवघड नाही. मसुदे तयार आहेत, एक नाही, तीन. अहवाल छापलेले आहेत. विधी आयोगानं सामील व्हायला सांगितलं त्या मार्च २००९ मध्ये जन्मलेली मुलं मार्च २०२५ मध्ये सोळा वर्षांची झाली. करार सोळाच्या खालच्यांनाच लागू होतो, तेव्हा त्या वर्षापुरतं मंत्रालयाचं काम आपोआप निकालात निघालं. २०१० वाल्यांचीही फाइल आता बंद होत आली आहे.